वेब-पानावरचे बटण आणि रूटचे अधिकार

प्रश्न : देवगडला आमचे हापूसच्या पेट्या भरण्याचे केंद्र आहे. कार्यालयातल्या डेबियन लिनक्सच्या संगणकावर नोंदींसाठी पीएचपीत लिहिलेले ॲप चालते. पेट्यांची लेबले छापताना प्रिंटर अडकला की छपाईची सेवा पुन्हा सुरू करावी लागते, रोज बॅकअप घ्यावा लागतो आणि वीज गेली की संगणक नीट बंद करावा लागतो. ही कामे मुलांना पानावरच्या बटणांनी करता यावीत म्हणून मी वेब सर्व्हरच्या खात्याला पासवर्डाविना सुडोची, म्हणजे रूट या सर्वाधिकारी खात्याच्या अधिकाराने आज्ञा चालवण्याची, सरसकट परवानगी दिली. एका मित्राने हे धोक्याचे असल्याचे सांगून, त्याऐवजी स्क्रिप्टला (आज्ञांच्या फाइलला) सेटयूआयडी, म्हणजे फाइल तिच्या मालकाच्या अधिकाराने चालवणारे चिन्ह, लावा, असे सुचवले. काय करावे?
— एक वाचक, देवगड

उत्तर : आपल्या मित्राची भीती खरी आहे, उपाय मात्र चुकीचा आहे. लिनक्सचा कर्नल (प्रणालीचा गाभा) शेल-स्क्रिप्टवरचे सेटयूआयडी चिन्ह जुमानतच नाही, कारण कर्नलने फाइल उघडल्यानंतर शेल, म्हणजे आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्राम, तीच फाइल नावाने पुन्हा उघडतो आणि मधल्या क्षणात कोणी ती बदलली, तर भलतीच स्क्रिप्ट रूटच्या अधिकाराने चालेल. आपली सध्याची व्यवस्था म्हणजे ओटीवर टेकलेल्या प्रत्येकाच्या हाती माजघराची किल्ली देणे आहे. पीएचपीतली जी चूक एरवी वेब सर्व्हरच्या खात्यापुरती राहिली असती, ती आता थेट रूटपर्यंत पोचते.

प्रथम संगणक बंद करण्याचे बटण काढून टाकावे. पावसाळ्यात वीज जाणार हे आपल्याकडे गृहीतच असते, आणि त्या वेळी पान उघडून बटण दाबायला कोणी हजर असेलच असे नाही. यूपीएस यूएसबी केबलने जोडून ‘नट’ हे मोफत सॉफ्टवेअर बसवले, तर बॅटरी उतरू लागताच संगणक स्वतःच नीट बंद होतो.

छपाईच्या सेवेसाठी सुडो योग्य आहे, पण एका कामापुरता. ती सेवा पुन्हा सुरू करणारी दोन ओळींची स्क्रिप्ट लिहावी आणि सुडोअर्समध्ये, म्हणजे सुडोच्या परवानग्यांच्या फाइलमध्ये, तिचा संपूर्ण पत्ता देऊन पुढे रिकामे अवतरण लिहावे, म्हणजे तिला कोणताही जादा शब्द जोडता येणार नाही. तेथे ‘काहीही चालेल’ असे सांगणारे तारांकन वापरण्याचा मोह टाळावा. शब्दांच्या जागी दिलेले तारांकन रिकाम्या जागा आणि तिरक्या रेघाही सामावून घेते, त्यामुळे आपल्या मनातल्या एका शब्दाऐवजी चार शब्दही त्यातून निसटून जातात.

स्क्रिप्ट कोठे ठेवली आहे, याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. फाइल रूटच्या मालकीची असली, तरी ती ज्या फोल्डरमध्ये आहे तेथे वेब सर्व्हरच्या खात्याला लिहिता येत असेल, तर ते खाते मूळ फाइल पुसून त्याच नावाची दुसरी ठेवू शकते आणि सुडो तीही निमूटपणे चालवतो. म्हणून ती ॲपच्या फोल्डरमध्ये न ठेवता ‘यूएसआर’मधल्या ‘लोकल’च्या ‘एसबिन’मध्ये ठेवावी, आणि तेथे फक्त रूटला लिहिता येते याची खात्री करावी.

बॅकअपला सुडोची गरजच नाही. शिवाय पानावरून चालवलेला बॅकअप लांबला, तर वेब सर्व्हर तो अर्ध्यावर तोडू शकतो. बटणाने ठरलेल्या फोल्डरमध्ये ‘बॅकअप हवा’ अशी एक रिकामी फाइल तेवढी निर्माण करावी. रूटच्या क्रॉनने (ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या सेवेने) दर मिनिटाला ती आहे का एवढेच पाहावे, असल्यास पुसून बॅकअप सुरू करावा आणि त्याचे नाव तारखेवरून स्वतः ठरवावे. त्या फाइलमधला मजकूर रूटने कधीही वाचू नये. मुलांकडून बॅकअपचे नाव मागून ते तसेच शेलच्या आज्ञेत जोडले, तर ‘हंगाम’ या शब्दापुढे अर्धविराम आणि दुसरी आज्ञा लिहायला कितीसा वेळ लागतो?

उरलेली दोन्ही बटणे लॉगिनमागे असावीत आणि ती पोस्ट विनंतीनेच, म्हणजे फॉर्म पाठवल्यावरच, चालावीत. साध्या दुव्याने चालणारे बटण ब्राउझर आगाऊ पान उघडतानाही दाबून बसतो. सुडो अद्ययावत ठेवावा, कारण २०२१ मध्ये उघड झालेली त्यातली एक गंभीर चूक २०११ पासून तशीच होती, आणि तिच्यामुळे सुडोअर्समध्ये नाव नसलेल्या स्थानिक खात्यालाही रूट होता येत होते.

सुडोअर्स नेहमी व्हिसुडो या त्यासाठीच्या आज्ञेनेच संपादित करावी. लिहिण्यातली चूक ते जतन करण्यापूर्वीच दाखवते. जुनी सरसकट परवानगीची ओळ पुसल्यावर, रूट म्हणून सुडोलाच वेब सर्व्हरच्या खात्याच्या परवानग्यांची यादी विचारावी. तिच्यात छपाईच्या स्क्रिप्टची एकच आज्ञा दिसली पाहिजे.