वाचकांचे प्रश्न : कर्जाचा हप्ता आणि घरातली आवक

बांगलादेशातील ग्रामीण बँक गावातील गरिबांना, मुख्यतः स्त्रियांना, पाच-पाच जणींचे गट करून तारणाशिवाय लहान कर्जे देते; तिच्याविषयी मागील अंकात एक टिपण आले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न येथे घेतले आहेत. आपल्याकडील प्रादेशिक ग्रामीण बँकांशी या संस्थेचे साम्य केवळ नावापुरते आहे, हे आधी स्पष्ट केलेले बरे, कारण दोन पत्रांत नेमकी तीच गल्लत झाली होती.

प्रश्न : मी अनेक वर्षे एका बँकेच्या कर्जविभागात काम केले आहे. तारण नाही, जामीनदार नाही आणि तरीही वसुली होते, हे मला पटत नाही. पाच जणींच्या गटातील एकीने कर्ज बुडवले तर उरलेल्या चौघींकडून ते वसूल होते, म्हणूनच बँक निर्धास्त असते ना?

उत्तर : असा समज फार जणांचा आहे, परंतु तो पुरता बरोबर नाही. गटातील प्रत्येकीचे कर्ज तिच्या स्वतःच्या नावावर असते आणि ते फेडण्याची जबाबदारीही तिचीच असते. इतरांनी तिच्या वतीने पैसे भरावेत असा बँकेचा नियम नाही. जुन्या पद्धतीत गटाचा दबाव निराळ्या वाटेने येत असे. प्रथम दोघींना कर्ज मिळे, त्यांचे हप्ते नीट येत आहेत असे दिसल्यावर पुढील दोघींना, आणि गटप्रमुखाला सर्वांत शेवटी. त्यामुळे पहिल्या दोघींच्या हप्त्यांकडे इतर तिघींचे लक्ष असे, आणि ज्या बाईवर आपला विश्वास नाही तिला मुळात गटातच घ्यायचे नाही, ही निवडही आपोआप होई. कागदावरच्या जामिनापेक्षा ही निवड अधिक उपयोगाची ठरली, असे माझे मत आहे.

तथापि, आपल्यासारख्या अनुभवी वाचकाने गटापेक्षा हप्त्याकडे अधिक लक्ष द्यावे, असे मी सुचवीन. 1976 मध्ये चितगाव विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवणारे मुहम्मद युनूस (या बँकेचे संस्थापक) यांनी शेजारच्या जोब्रा गावात 42 जणांना मिळून 856 टाका (बांगलादेशाचे चलन) कर्जाऊ दिले, तेव्हा त्यांना दिसलेली अडचण साधी होती. बांबूची बसायची स्टुले विणणाऱ्या स्त्रियांकडे बांबू घेण्यापुरतेही पैसे नसत, म्हणून त्या व्यापाऱ्याकडून उचल घेत आणि तयार माल त्याने ठरवलेल्या दराने त्यालाच विकत. कौशल्य त्यांच्याजवळ होते, परंतु दोन पैसे शिल्लक राहावेत एवढी मोकळीक नव्हती. अशा घरात पैसा वर्षाच्या शेवटी एकरकमी येत नाही. तो अंडी, दूध, मजुरी किंवा विणकाम यांतून रोज थोडा थोडा येतो आणि तसाच खर्चही होतो. वर्षअखेरीस मुद्दल आणि व्याज एकदम मागणारी बँक त्या घराकडून अशक्य गोष्टीची अपेक्षा करत असते. ग्रामीण बँकेने वर्षभराचे कर्ज आठवड्याच्या लहान हप्त्यांत फेडून घेण्याची पद्धत बसवली आणि ते हप्ते घेण्यासाठी स्वतःचा कर्मचारी गावातील केंद्राच्या, म्हणजे तेथील गटांच्या एकत्रित, सभेला पाठवला. शाखेत जाण्याचे गाडीभाडे, बुडालेली मजुरी आणि काउंटरवरचा संकोच असा कर्जदाराचा खर्च अशा रीतीने बँकेने स्वतःकडे घेतला. पैशांची देवघेव सगळ्यांसमोर होत असल्यामुळे कर्मचाऱ्यालाही मधल्या मध्ये काही खाण्यास फारसा वाव उरला नाही, हा त्यातील दुय्यम पण मोलाचा लाभ.

प्रश्न : गरिबांकडून 20 टक्के व्याज घेणे ही सावकारीच नव्हे काय?

उत्तर : उत्पन्नासाठी दिलेल्या कर्जावरील 20 टक्के हा दर घटत्या शिल्लकीवर आकारला जातो. वर्षभरासाठी 1,000 टाका घेऊन आठवड्याच्या हप्त्यांनी फेडले, तर वर्षाचे व्याज साधारण 100 टाका होते, कारण सरासरीने पाहता निम्मीच रक्कम कर्जदाराकडे असते. घरबांधणीसाठी दर 8 टक्के आणि उच्च शिक्षणाच्या कर्जासाठी शिक्षण संपल्यानंतर 5 टक्के, असे बँकेचे अनेक वर्षांचे दरपत्रक सांगते. दर आठवड्याला गावोगाव कर्मचारी पाठवण्याचा खर्च लक्षात घेता मला हा दर सावकारी वाटत नाही. मात्र स्वस्तही वाटत नाही, आणि ज्या धंद्यात वर्षाला तेवढी मिळकत नाही त्यासाठी हे कर्ज काढू नये.

प्रश्न : पूर किंवा आजारपण आले तर आठवड्याचा हप्ता भरायचा कोठून? ज्या कडक शिस्तीची एवढी स्तुती होते, ती अशा वेळी कर्जदाराच्या गळ्याशी येत नाही का?

उत्तर : येते, आणि या बँकेच्या बाबतीत ती आलीही होती. माझ्या मते या संस्थेकडून शिकण्यासारखे सर्वांत अधिक याच प्रसंगात आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

1995 मध्ये पहिली ठिणगी पडली. तेव्हा कर्जातील 5 टक्के रक्कम गटनिधीत कापून घेतली जात असे, आणि संस्था सोडतानाही ती हाती येत नसे. ती परत मिळावी म्हणून अनेक ठिकाणी सभासदांनी सभांना येणे आणि हप्ते भरणे थांबवले. त्यांचे पती आणि स्थानिक पुढारी त्यात पुढे होते. नियम बदलला, पण विस्कटलेली घडी पूर्णपणे बसली नाही. त्यातच 1998 चा महापूर आला. देशाचा अर्ध्याहून अधिक भाग पाण्याखाली गेला आणि अनेक भागांत पाणी दोन महिन्यांहून अधिक काळ ओसरले नाही. गुरे, कोंबड्या, धान्य, घरे सारे गेले. बँकेने नव्याने धंदा उभारण्यासाठी आणि घरदुरुस्तीसाठी पुन्हा कर्जे दिली. हेतू चांगला होता, परंतु जुन्या हप्त्यावर नवा हप्ता चढला आणि एकूण बोजा आवकेच्या पलीकडे गेला. मग ज्या स्त्रिया वर्षानुवर्षे न चुकता येत होत्या, त्याही केंद्राकडे फिरकेनाशा झाल्या. एक हप्ता चुकलेल्या बाईला सर्वांसमोर येण्याची लाज वाटते, ती पुढच्या सभेला येत नाही, आणि न आल्यामुळे थकबाकी वाढत जाते. ज्या जाहीरपणामुळे वसुली चांगली होत होती, तोच आता तिच्या परतीच्या वाटेवर आडवा आला.

बँकेने वसुलीची माणसे वाढवण्याऐवजी 2000 मध्ये कर्जाचे नियमच नव्याने लिहायला घेतले, आणि ऑगस्ट 2002 पर्यंत सर्व शाखा नव्या पद्धतीवर आल्या. सर्वांना एकाच मापाचे वर्षभराचे कर्ज देण्याऐवजी मुदत तीन महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत ठेवता येऊ लागली, तसेच हंगामात मोठा आणि मंदीच्या दिवसांत लहान हप्ता ठरवता येऊ लागला. जिला मूळ वेळापत्रक झेपत नाही, तिचे कर्ज लांब मुदतीच्या आणि लहान हप्त्यांच्या लवचीक कर्जात बदलून मिळू लागले. असे केल्यावर ती थकबाकीदार म्हणवली जात नाही, मात्र पुढे मिळणाऱ्या कर्जाची तिची मर्यादा खाली येते आणि ती हळूहळू पुन्हा वर न्यावी लागते. मला ही तडजोड शहाणपणाची वाटते, कारण तिच्यात माफी नाही आणि मानहानीही नाही. गटनिधी रद्द होऊन बचत प्रत्येकीच्या स्वतःच्या खात्यात जाऊ लागली. 8,000 टाकांहून मोठे कर्ज घेणारीला महिन्याला किमान 50 टाका निवृत्तिबचतीत भरणे बंधनकारक झाले, आणि दहा वर्षांनी ती रक्कम जवळजवळ दुप्पट होऊन मिळे. ही सक्ती असूनही योजना लोकप्रिय झाली. आठवड्याला थोडे बाजूला टाकण्याची सवय ज्या घरांना होती, त्यांना सुरक्षित जागा हवीच होती; कर्ज देणाऱ्यांना हे उशिरा कळले एवढेच. बँकेने नव्या देणग्या न स्वीकारण्याचे 1995 मध्येच ठरवले होते, त्यामुळे या ठेवींचा तिलाही आधार झाला.

प्रश्न : कर्जदारांत सुमारे 97 टक्के स्त्रिया आहेत असे वाचले. पैसे प्रत्यक्षात नवरेच वापरतात, हे खरे का?

उत्तर : पुष्कळदा खरे असते. बांगलादेशातील निरनिराळ्या कर्जयोजनांवर अ‍ॅन मेरी गोएट्झ आणि रीना सेन गुप्ता यांनी 1996 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, बाईच्या नावावरच्या कर्जावर तिचा ताबा बऱ्याच प्रकरणांत नाममात्र असल्याचे आढळले. हप्त्याची जबाबदारी तिची आणि पैसा दुसऱ्याच्या हाती, ही स्थिती चिंतेचीच आहे. याच्या उलट बाजूला घरकर्जाचा नियम ठेवून पाहावा. ज्या जागेवर घर बांधायचे ती बाईच्या नावावर असली पाहिजे, अशी अट बँकेने घातली, आणि त्यामुळे अनेक नवऱ्यांना जमीन बायकोच्या नावावर करून द्यावी लागली. या घरबांधणी कार्यक्रमाला 1989 मध्ये आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला तेव्हा चर्चा सिमेंटच्या चार खांबांची आणि पत्र्याच्या छपराची अधिक झाली, परंतु माझ्या दृष्टीने खरे काम त्या एका अटीने केले. बाईच्या नावावर नुसती रक्कम देण्यापेक्षा मालमत्ता तिच्या नावावर होणे अधिक टिकते.

प्रश्न : ही बँक भिकाऱ्यांनाही कर्ज देते, हे ऐकीव आहे की खरे?

उत्तर : खरे आहे. हा कार्यक्रम 2002 मध्ये सुरू झाला आणि पुढे एक लाखाहून अधिक भिकारी त्यात आले. गट, आठवड्याची सभा, ठरावीक हप्ता यांपैकी काहीही त्यांना लागू नाही, व्याजही नाही. किती आणि केव्हा फेडायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. भीक सोडण्याची सक्ती केली जात नाही. दारोदार फिरताना झोळीबरोबर बिस्किटे, बांगड्या किंवा खेळणी विकायला ठेवावीत एवढीच अपेक्षा असते. नियम एकच कडक आहे : कर्जाची फेड भिकेच्या पैशांतून करता येत नाही.