उंदरांसाठी घरात धामण पाळावी का?

तुमचा प्रश्न असा आहे: सोयाबीनचे कट्टे (पोती) घरात आल्यापासून उंदरांनी उच्छाद मांडलाय, मांजर नुसतं दुधावर टपून असतं, औषधाला उंदीर तोंड लावत नाहीत. ओळखीचा सर्पमित्र म्हणतो, "पकडलेली धामण देतो, कोठीच्या खोलीत सोड." घरची आजीही सांगते की तिच्या लहानपणी धान्याच्या खोलीत धामण असायची. मग पाळायला हरकत काय?

नका पाळू भाऊ. उंदीर संपणार नाहीत, धामण मरेल नाहीतर निघून जाईल, आणि वनखात्याचा माणूस दारात उभा राहिला तर तो सर्पमित्र सगळ्यात आधी तुमचंच नाव सांगेल.

आधी हिशेब करून पाहा. उंदराची मादी तीन आठवड्यांच्या आसपास विते, एका वेळी सहा-आठ पिल्लं देते आणि लगेच पुन्हा गाभण राहू शकते. ती पिल्लं दोन-तीन महिन्यांत स्वतः वेताला येतात. समोर कोण, तर थंड रक्ताचं जनावर. अंग गरम ठेवायला त्याला अन्न जाळावं लागत नाही, त्यामुळे एक बरा उंदीर गिळला की धामण चार-सहा दिवस निवांत असते. थंडीत तर त्याहून जास्त. आणि आपल्याकडे घरात उंदीर वाढतात कधी? दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन निघतं, वावरातलं खाणं संपतं, धान्य घरी येतं आणि त्याच्यामागे उंदीरही येतात. नेमकं त्याच सुमाराला गारठा पडायला लागतो आणि साप मंदावतात. म्हणजे तुम्हाला जेव्हा धामणीची गरज, तेव्हा तिची भूक सगळ्यात कमी. त्यात ती दिवसा फिरणारी. रात्री छताच्या कवेलूंखाली उंदरांचा धिंगाणा चालतो तेव्हा ती कुठेतरी वेटोळं करून पडलेली असते.

पाळायची म्हटलं तरी ठेवणार कुठे? पिंजऱ्यात ठेवली तर उंदीर ती पकडणार नाही, तुम्हालाच पकडून तिला घालावे लागतील. खोलीत मोकळी सोडली तर सहा-सात फुटांचं चपळ जनावर चार भिंतींत थांबत नाही. मोरीतून, दाराच्या फटीतून वाट काढतं आणि जाता जाता कोंबडीची पिल्लंही उचलतं. जाळीच्या पेटीत कोंडलेल्या धामणी बाहेर पडायच्या धडपडीत जाळीवर तोंड घासून घासून रक्तबंबाळ करून घेतात, बऱ्याचदा खाणंही सोडतात. बिनविषारी म्हणजे गरीब, असंही समजू नका. कोपऱ्यात अडली की गळा फुगवून गुरगुरते आणि चावते. विषबाधा होत नाही, पण जखम साबणाने धुवावी लागते आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागतं.

आजी खोटं सांगत नाहीत. मातीच्या भिंती, भिंतींत बिळं, पलीकडे सांदवाडीत (घरामागच्या अंगणात) कुटाराचा म्हणजे भुशाचा ढीग, अशा घरात धामण यायचीच. आमच्याकडेही माणसं म्हणायची, "राहू दे तिले, उंदरं खाते ते." पण तिला कुणी आणलेलं नव्हतं. उंदीर होते तोवर राहिली, कमी झाले तशी गेली. माणसांचं काम एवढंच की तिला काठी घालायची नाही. कुणी तिला घराचा राखणदार म्हणायचं, तर कुणी त्याच तोंडाने सांगायचं की ती गाईच्या पायाला विळखा घालून दूध पिते आणि शेपटीचा फटका बसला की अंग सडतं. दोन्ही थापा. सापाला दूध ओढून पिता येईल असं तोंडच नसतं, आणि शेपटीत विष वगैरे काही नसतं.

आजींच्या गोष्टीत एक भाग मात्र गाळला जातो. उंदरांच्या वासावर दिवसा धामण येत होती, तर रात्री कोण येत होतं? नाग येतो. घोणस येते, आपण जिला परड म्हणतो. मण्यार तर रात्रीचीच. ती उंदीर खाते, लहान सापही खाते, आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते. तिचा दंश इतका बारीक की कधी खूणही सापडत नाही. पहाटे पोटात दुखायला लागतं, पापण्या मिटायला लागतात, आणि घरचे म्हणतात पित्त झालं असेल. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसं मेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यात बहुतेक खेड्यातली, आणि पावसाळ्यात सगळ्यात जास्त. आपल्या घरात उंदीर असणं ही म्हणजे या सगळ्यांना दिलेली पंगत आहे. तुम्ही त्या पंगतीत आणखी एक पाहुणा बसवायला निघालात.

माझा मुख्य आक्षेप याहून वेगळा आहे. "आपली धामण" घरात आहे हे एकदा पोरांच्या डोक्यात बसलं की साप दिसला की दचकायची सवय मोडते. फणा न काढलेला नाग आणि धामण यांत आपल्या भागातली जाणती माणसंही फसतात. तपकिरी, लांब, सळसळत जाणारं जनावर मिणमिणत्या दिव्यात दिसलं की फरक कळत नाही. धामणीचे डोळे मोठे असतात, ओठांवर उभ्या काळ्या रेषा असतात, अंगाच्या मागच्या भागात काळे आडवे पट्टे दिसतात. हे सगळं खरं. पण हे बघायला तोंडाजवळ वाकावं लागतं. सातवीतलं पोरगं कट्ट्यामागे चेंडू शोधायला हात घालेल तेव्हा ओठांवरच्या रेषा बघत बसणार नाही.

कायद्याचं थोडक्यात. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली धामण संरक्षित आहे. परवानगीशिवाय ती पकडणं, पाळणं, देणं-घेणं हा गुन्हा, आणि त्यात तुरुंगवास आहे. सर्पमित्राने पकडलेला साप वनखात्याला कळवून पकडला त्याच भागात सोडायचा असतो, ओळखीत वाटायचा नसतो. त्याला हे स्पष्ट सांगा. ऐकत नसेल तर वनविभागाचा १९२६ हा हेल्पलाइन नंबर आहे. आणि शहरात कुणी बॉल पायथन (परदेशी अजगर) पाळतो म्हणून तुम्हाला दाखवत असेल, तर त्या जातीच्या परदेशी प्राण्यांची नोंदणीही २०२४ च्या नियमांनी सक्तीची झाली आहे. तो सापही तुमच्या कोठीत उंदीर मारत फिरणार नाही.

आता उंदरांचं. अर्धा अपराध कट्ट्यांच्या मांडणीचा असतो. भिंतीला चिकटवून, जमिनीवर, छतापर्यंत थप्पी लावली की मागे उंदरांची वस्ती तयार. खाली लाकडी फळ्या टाका, भिंतीपासून हातभर जागा सोडा, म्हणजे मागे झाडता येतं आणि लेंड्या दिसतात. बियाणं आणि घरचं खायचं धान्य पत्र्याच्या कोठीत घाला. भोकं बुजवताना नुसती माती लिंपू नका, उंदीर एका रात्रीत उकरतो. आधी भांडी घासायची तारेची घासणी कोंबा, वर सिमेंट. पेन्सिल शिरेल एवढ्या भोकातून घरातला लहान उंदीर जातो, तेव्हा मोठीच भोकं बुजवून भागत नाही. मोरीला बारीक जाळी आणि दाराच्या खालच्या फटीला पत्र्याची पट्टी बसवली की उंदरांबरोबर सापांचीही वाट बंद होते.

कापूस घरात भरून ठेवला असेल तर तिकडे खास लक्ष द्या. भाव येईल या आशेने आपण खोलीभर कापूस महिनोन्महिने ठेवतो आणि वर पोरं झोपतात. उंदराला पिल्लं घालायला याहून ऊबदार जागा जगात नाही, आणि त्या उबेला साप पण येतो. कापसावर झोपणं आजच बंद करा. बाज आणि मच्छरदाणी घ्या, मच्छरदाणीची कड गादीखाली नीट खोचा. पराटी (कापसाची वाळकी झाडं), तुराट्या आणि कुटार घराच्या भिंतीपासून लांब, सांदवाडीच्या टोकाला रचा.

पिंजरा किंवा चाप लावणार असाल तर पहिले दोन-तीन दिवस नुसतं खाणं ठेवा, चाप ओढू नका. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. सवय झाली की चाप ओढा, आणि तो खोलीच्या मधोमध न ठेवता भिंतीलगत ठेवा, कारण उंदीर भिंतीच्या कडेनेच पळतो. भजी किंवा सुकट लावा, वास दूर जातो. औषध तोंडाला लावत नाहीत याचंही कारण असंच आहे. झिंक फॉस्फाइडसारखं जहाल औषध थोडं खाऊन एखादा उंदीर आजारी पडला की पुन्हा त्याला शिवत नाही. लहान पोरं आणि ढोरं असलेल्या घरात ते मी वापरणारच नाही. दुसऱ्या प्रकारचं, ब्रोमाडायोलोनचं, खाऊन उंदीर काही दिवसांनी मरतो, आणि तो उंदीर मांजराने, घुबडाने खाल्ला तर विष त्यांच्याही पोटात जातं. बाजारात मिळणारा चिकट पुठ्ठा तर घरात आणूच नका. त्याला उंदीर चिकटतो, आणि उंदराच्या मागे आलेला सापही चिकटतो. मग जिवंत, चिडलेल्या नागाला पुठ्ठ्यावरून सोडवायला माणूस शोधत बसा. मांजर ठेवा, पण घुशीला ते हात लावत नाही, घुशीसाठी पिंजराच.

धामण हवीच असेल तर ती वावरात राहू द्या. धुऱ्यावरची (बांधावरची) झुडपं सगळी जाळू नका, वखरताना दिसली तर दोन मिनिटं थांबा, ती स्वतः निघून जाते. बिळात शिरून उंदराची पिल्लं खाणारं तिच्यासारखं जनावर नाही. रात्रीच्या कामाला गव्हाणी घुबड आहे. पडक्या घरात, जुन्या झाडाच्या ढोलीत ते राहतं, त्याला अशुभ म्हणून दगड मारू नका. हरभऱ्यात पाखरांसाठी बैठका लावता, त्यांवर रात्री पिंगळाही येऊन बसतो.

घरात कुणाला दंश झालाच तर मांत्रिकाकडे नेण्यात वेळ घालवू नका, चिरा देऊ नका, आवळून बांधू नका. हातपाय हलवू न देता १०८ ला फोन करून प्रतिसर्पविष असलेल्या जवळच्या ग्रामीण रुग्णालयात न्या. हा फोन कुणी करायचा आणि गाडी कुणाची काढायची, हे घरात आधीच ठरवून ठेवा.

भिंती मातीच्या आहेत की विटांच्या, आणि उंदीर कवेलूंवरून येतात की जमिनीतून, ते खाली लिहा. दोन्हीची भोकं बुजवायची रीत वेगळी आहे.