गेममध्ये बटण उशिरा लागतंय? आधी टीव्ही बघ

अरे थांब, नवा कंट्रोलर मागवू नकोस, बहुतेक वेळा घोळ टीव्हीचा असतो. एलजीवर ट्रूमोशन, सोनीवर मोशनफ्लो, नावं वेगळी पण काम एकच, दोन फ्रेमच्या (म्हणजे व्हिडिओतल्या एकेका चित्राच्या) मधे स्वतःची एक बनवून घुसवायची, आणि त्यासाठी पुढची फ्रेम येईपर्यंत चित्र अडवून धरतो ना टीव्ही, म्हणून तू उडी दाबतोस आणि गडी जरा वेळाने उडतो.

सध्या एवढंच कर:
- टीव्हीच्या सेटिंगमधला गेम मोड चालू, त्यात ही मधली फ्रेम बनवणं बहुतेक बंद होतं. पण कन्सोलच्याच एचडीएमआयवर असताना, कारण बऱ्याच टीव्हींत प्रत्येक इनपुटचं सेटिंग वेगळं असतं. इथेच सगळे फसतात (मीपण).
- रंग फिके वाटले म्हणून परत सिनेमा मोडवर पळू नकोस, डोळे सरावतात.

व्हीआरआर (टीव्हीने चित्र बदलायचा वेग गेमशी जुळवणं), १२० हर्ट्झ (सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणं) वगैरे नंतर बघू.