केळीच्या बागेतला कुत्रा आणि हार्टवर्मची गोळी

प्रश्न : आमच्याकडे लॅब आणि गावठीचा क्रॉस आहे, दोन वर्षांचा, वजन २० किलोच्या आसपास, दिवसरात्र शेतातच असतो, केळीच्या बागेत. भाचा बंगलोरला असतो तो म्हणतो मामा हार्टवर्मची, म्हणजे हृदयातल्या जंताची, गोळी दर महिन्याला सुरू कराच. इथले डॉक्टर म्हणतात आधी गोचीडचं बघा. आणि शेजारचे काका बकऱ्यांचं जंताचं, आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शनच कुत्र्याला टोचतात, म्हणतात एकात सगळं साफ होतं. कोणाचं ऐकू?
एक वाचक, ता. रावेर

उत्तर : भाऊ, आधी डॉक्टरांचं ऐका, मग भाच्याचं, आणि काकांचं मात्र या बाबतीत अजिबात नको.

डॉक्टर गोचीडचं का म्हणतात तर आपल्या खान्देशात कुत्र्याचा जीव बऱ्याचदा गोचीडतापाने जातो. उन्हाळ्यात कुत्रं गारव्याला रांजणाजवळ नाहीतर भिंतीच्या कडेला जाऊन पडतं, आणि ही तपकिरी गोचीडही तिथल्याच भेगांत राहते, अंडी घालते, एक मादी हजारोंनी घालते, त्यामुळे अंगावर दहा दिसल्या तर घरात किती असतील ते समजून घ्या. तिच्या चाव्यातून एर्लिकिया, बबेसिया हे रक्तातले आजार येतात. ताप, खाणं बंद, हिरड्या पांढऱ्या, नाकातून रक्त, लघवी चहासारखी लाल-काळी, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी रक्त तपासा, कारण दोन्हींची औषधं वेगळी आहेत आणि मेडिकलमधून अंदाजाने गोळ्या आणल्या तर वेळ हातातून जाते.

गोचीडसाठी आता चघळायच्या गोळ्या मिळतात. अफोक्सोलेनरवाली महिनाभर चालते, फ्लुरालेनरवाली साधारण १२ आठवडे. शेतातल्या कुत्र्याला मला या गोळ्याच बऱ्या वाटतात कारण मानेवर टाकायचं औषध पाटात, चिखलात लोळून धुऊन जायची भीती असते. फक्त कुत्र्याला कधी फिट आली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, त्याला ही गोळी शक्यतो देत नाहीत. गोळी दिल्यावरही गोचीड चिकटलेली दिसेल, घाबरू नका, ती चावल्यावरच मरते. आणि रॉकेल लावू नका हो, कातडी भाजते त्याची, चिमट्याने मुळापासून धरून सरळ ओढायची, नखाने चिरडायची नाही.

आता भाच्याचं. हार्टवर्म डासातून होतो, डास चावला की बारीक अळी आत शिरते आणि सहा-सात महिन्यांत मोठा जंत होऊन हृदयाच्या उजव्या बाजूला आणि फुफ्फुसाच्या नसांत बसतो, मादी वीतभराहून लांब होते आणि पाच-सात वर्षं जगते. एकदा झाला की उपचार लांबलचक आणि जोखमीचे, महिनोन्महिने कुत्र्याला पळू द्यायचं नाही, म्हणून भाच्याची काळजी खोटी नाही. पण भारतात हा जंत जास्त करून ईशान्येकडे आढळतो, आपल्याकडे गोचीडएवढा नाही. तरी ठिबकच्या बागेत ओल आणि डास दोन्ही असतात, त्यामुळे डॉक्टरांना विचारून द्यायची ठरवलीत तर द्या. फक्त आधी रक्ताची तपासणी करा. शरीरात आधीच जंत आणि त्यांची पिल्लं असतील आणि आपण औषध दिलं तर ती एकदम मरून कुत्र्याला शॉक बसू शकतो. ही गोळी पुढच्या महिन्याचे डास थांबवत नाही, मागच्या महिन्यात शिरलेल्या अळ्या मारते, म्हणून तारीख चुकवायची नाही. आणि नुसत्या गोचीडच्या गोळीने हार्टवर्म थांबत नाही, ते औषध वेगळं, काही गोळ्यांत दोन्ही एकत्र असतं, पाकिटावरची नावं डॉक्टरांकडून वाचून घ्या.

काकांच्या इंजेक्शनचा हिशोब करून बघा. हार्टवर्म टाळायला आयव्हरमेक्टिन लागतं किलोला ६ मायक्रोग्रॅम, म्हणजे तुमच्या कुत्र्याला १२०. गुरांच्या १ टक्क्याच्या बाटलीत १ मिलीमध्येच १०,००० मायक्रोग्रॅम असतं. अर्धा मिली टोचलं तरी ५,०००, म्हणजे चाळीस पटीच्या वर! खरजेला डॉक्टर जास्त डोस देतात हे खरं, पण ते कुत्रं बघून, तपासून. कोली, शेल्टीसारख्या जातींत आणि त्यांच्या क्रॉसमध्ये एक जनुकीय दोष असू शकतो, अशांना मोठा डोस थेट मेंदूला बाधतो, कुत्रं लडखडतं, आंधळं होतं, कोमात जातं. शिवाय चपट्या जंतावर हे औषध चालतच नाही, मग एकात सगळं कुठून होणार?

वजन अंदाजाने सांगू नका, कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहा आणि तुमचं वजन वजा करा.

प्रश्न : कुत्र्याच्या शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखं काहीतरी हलताना दिसतं. जंताचं औषध दिलं तरी महिन्याने परत. आमच्याकडे मेंढ्याही आहेत.
एक वाचक, ता. साक्री

उत्तर : ताई, ते चपट्या जंताचे तुकडे आहेत. हा जंत पिसवांतून येतो, अंग चावताना कुत्रं पिसू गिळतं आणि जंत पोटात जातो, म्हणून पिसवा न मारता नुसती गोळी दिली तर परत होणारच. गोळीत प्राझिक्वांटेल आहे ना ते बघा, नेहमीच्या गोळ्या १० किलोला एक अशा असतात, पण पाकीट वाचूनच द्या.

तुमच्याकडे मेंढ्या आहेत म्हणून मला दुसरीच जास्त काळजी वाटते. मेंढी मेली किंवा कापली की काळीज-फुफ्फुस कच्चंच कुत्र्यापुढे टाकतात ना? त्यात पाण्याच्या गाठी असल्या तर कुत्र्याच्या पोटात बारीक जंत होतात, डोळ्याला सहज दिसतही नाहीत, आणि त्यांची अंडी हाताला लागून पोरांच्या पोटात गेली की माणसाच्या यकृतात, फुफ्फुसात तशाच गाठी वाढतात, वर्षानुवर्षं कळत नाही आणि मग ऑपरेशनची वेळ येते. कच्चं टाकणं आजपासून बंद करा, चांगलं उकळून द्या, गाठी दिसल्या तर खोल पुरा, कुत्रं उकरणार नाही इतकं खोल. जे कुत्रं असं कच्चं खातच आलंय त्याला प्राझिक्वांटेल दर दीड महिन्याला लागतं, बाकीच्यांना जंताचं औषध तीन महिन्यांनी चालतं.