पी ०१३३ आला म्हणून सेन्सर लगेच बदलायचा का?

प्रश्न: माझी २०१४ची पेट्रोल हॅचबॅक लाखभर किलोमीटर चाललीये. चेक इंजिन लाइट लागली, स्कॅन केलं तर पी ०१३३. गॅरेजवाले म्हणतात ऑक्सिजन सेन्सर स्लो झालाय, नवीन टाका. ॲव्हरेजही जरा पडलंय. टाकून देऊ का? – एक वाचक, सांगली

उत्तर: जरा दम धरा. हा कोड एवढंच सांगतो की कॅटच्या (धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) आधीचा सेन्सर रिचवरून (पेट्रोल जास्त) लीनवर (हवा जास्त) आणि उलटं जायला वेळ लावतोय, का लावतोय ते तुम्हालाच शोधायला लागणार.

सकाळी थंड इंजिन सुरू करून बॉनेट उघडा, एक्झॉस्ट मॅनिफोल्डपाशी (इंजिनमधून धूर बाहेर नेणारे पाइप जिथे जोडलेत तिथे) टिकटिक ऐकू येते का, जॉइंटला काजळी दिसते का बघा. तिथे लीक असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर बिचारा उगाच लीन दाखवत बसतो, मग नवीन टाकला तरी तेच रडगाणं.

तिथे काही नसेल तर इंजिन नीट तापवून, २५०० आरपीएम धरून स्कॅनरच्या लाइव्ह डेटात (चालू इंजिनचे रीडिंग) सेन्सरचा ग्राफ लावा. साधा नॅरोबँड सेन्सर (फक्त रिच की लीन एवढंच सांगणारा) असेल तर व्होल्टेज ०.१ ते ०.९ मध्ये झपाझप वरखाली व्हायला हवं. मग ॲक्सिलरेटर झटकन दाबून सोडा: चांगला सेन्सर ताबडतोब ०.८च्या वर जातो आणि सोडल्यावर धाडकन खाली येतो, म्हातारा झालेला रेंगाळत चढतो नाहीतर मधेच घुटमळतो. स्वस्तातला ब्लूटूथ ॲडॅप्टर असेल तर स्क्रीनवर फक्त हाच एक रीडिंग ठेवा, दहा रीडिंग एकदम लावले की ठणठणीत सेन्सरसुद्धा सुस्त दिसतो, आणि याच्यात लोक हमखास फसतात.

फ्युएल ट्रिमही (कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय-घटवतोय ते) बघा, सतत +१० टक्क्यांच्या वर असेल तर आधी व्हॅक्यूम होज (इंजिनच्या हवेच्या बारीक नळ्या) कुठे फुटलेत का बघा. सेन्सरच्या आतल्या हीटरचा वेगळा कोड असेल तर वायरिंग आणि फ्यूज तपासा.

एवढं करूनही सुस्तच निघाला तर काढा. टोकावर पांढरी पूड दिसली तर अलीकडे कुणी इंजिनला सिलिकॉन सीलंट लावलंय का ते विचारा, किंवा कूलंट जळतंय का बघा, नाहीतर नवीन सेन्सरचीही तीच गत. वायर ब्रशने घासून वगैरे काही होत नाही, ते सोडा. नवीन घेताना पार्ट नंबर जुळवूनच घ्या. आणि कोड पुसला, लाइट गेली म्हणून खूश होऊ नका, हायवेला एकसारख्या स्पीडने चांगली चालवा आणि परत स्कॅन करा.