कोरफडीचा फेसवॉश कसा निवडू?

प्रश्न : साबणाने तोंड धुतलं की माझे गाल ओढल्यासारखे होतात, नाकाच्या कडेला लाल चट्टे उठतात. कोरफडीचा फेसवॉश घ्यावा म्हणते, पण दुकानात सगळ्याच बाटल्या हिरव्यागार! कोणती घेऊ? की कुंडीतली कोरफडच लावू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, साबणाचा पीएच (आम्ल-अल्कतेचं माप) 9-10 असतो, त्वचेचा 5 च्या आसपास, म्हणून गाल ओढतात. साबण आजच बंद करा.

बाटलीची मागची बाजू वाचा. घटक साधारणपणे जास्त प्रमाणाकडून कमीकडे लिहितात. ‘अ‍ॅलो बार्बाडेन्सिस’ (कोरफडीचं शास्त्रीय नाव) अगदी तळाशी, रंगांच्या शेजारी असेल तर कोरफड नावापुरतीच. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते फेस कशाचा आहे हे. सोडियम लॉरिल सल्फेट हा कडक फेस करणारा घटक दिसला तर बाटली परत ठेवा. कोको-ग्लुकोसाइड किंवा सोडियम कोकोइल आयसेथिओनेट असे सौम्य घटक असतील तर घ्यायला हरकत नाही. फेस कमी आला तर येऊ दे. सुगंधी मात्र नकोच.

कुंडीतली पात कापली की सालीखालून पिवळा, कडू रस गळतो. नाजूक त्वचेला तो चांगलाच झोंबतो. सध्या चेहऱ्याला ती लावू नका.

नवा फेसवॉश आधी आठवडाभर कोपराच्या आतल्या बाजूला लावून धुवून पाहा. आणि नाकाजवळच्या चट्ट्यांवर पिवळट खपल्या धरत असतील, तर फेसवॉश बदलत बसू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.