हॉल सगळ्यांचा, कोपरा पोरांचा

प्रश्न : ताई नमस्कार, आमची सोसायटी डोंबिवलीला आहे. क्लबहाउसच्या तळमजल्यावर १५ बाय २० ची एक खोली आहे, आत्तापर्यंत तिथे जुने फ्लेक्स आणि मोडक्या खुर्च्या पडून होत्या. एजीएममध्ये ठरलं की ती रिकामी करून मुलांसाठी करायची. इंटिरियरवाल्याने कोटेशन दिलंय, चारी भिंतींना कार्टूनचा वॉलपेपर, प्लास्टिकची घसरगुंडी आणि बॉल पूल. निम्मे पैसे भिंतींवरच जातायत. करावं का? कमिटीची मीटिंग पण महिन्यातून एकदा तिथेच होणार आहे, ते वेगळंच.

उत्तर : वॉलपेपर आधी कापा. कार्टूनची भिंत मुलं पहिले आठ दिवस बघतात, मग ती नुसती भिंतच होते, कारण तिच्यावर करण्यासारखं काही नसतं, जे काय सुचायचं ते प्रिंटिंगवाल्याला आधीच सुचलेलं असतं. घसरगुंडीचंही तेच, तिच्यावरून घसरता येतं, बास. आणि मीटिंगच्या दिवशी ती उचलून ठेवणार कुठे?

त्यापेक्षा एक करा, खोली रिकामी झाली की कमिटीतल्या दोघांनी खाली फरशीवर बसून बघा. खिडकी कुठे दिसते? आपल्याकडे खिडकीचा कट्टा साधारण तीन फुटांवर असतो आणि तीन-चार वर्षांच्या पोराचे डोळेही तेवढ्यावरच, कधी त्याच्याही खाली, म्हणजे तुम्ही कितीही छान बगीचा केला असला तरी त्याला आतून दिसतो तो नुसता कट्ट्याचा दगड. खिडकीखाली नऊ-दहा इंच उंच, चांगला रुंद, पक्का लाकडी चौथरा करून घ्या. पण ग्रिल उभ्या सळ्यांचं पाहिजे, दोन सळ्यांत चार इंचांपेक्षा कमी फट, आडव्या पट्ट्या असतील तर मुलं शिडीसारखं चढतात, तसलं असेल तर आधी ते बदला मगच चौथरा. बघा, पोरं तासन् तास तिथे बसून वॉचमन, मांजर, पाण्याचा टँकर बघत बसतील आणि त्याच चौथऱ्याची आगगाडी होईल, दुकान होईल, नाटकाचं स्टेजपण.

भिंतींना खालचे तीन फूट फळ्याचा रंग मारा, वरचं साधं पांढरं ठेवा. संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसायचं, कोरडं झटकलं की खडूची धूळ सगळ्यांच्या नाकात. बाकीचा रंग घेताना डब्यावर शिशाचं प्रमाण वाचून घ्या, घरगुती रंगात ९० पीपीएमच्या (म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या) वर शिसं चालत नाही असा नियम २०१७ पासून लागू आहे, पण कोपऱ्यावरच्या दुकानात जुना-पुराणा डबा माथी मारणारे असतात. एका भिंतीला अगदी जमिनीलगत आडवा आरसा लावा, काचेचा नको, ॲक्रिलिकचा. रांगणारं बाळसुद्धा त्यात स्वतःला बघतं आणि मोठी मुलं त्याच्यासमोर ठोकळे मांडून एका घराची दोन घरं करतात.

आणि चार भक्कम हुक, चार-साडेचार फुटांवर, समोरासमोरच्या भिंतींत. जुन्या सुती साड्या, ओढण्या ठेवा, मोठं कुणीतरी सोबत असताना मुलं त्या हुकांना बांधून तंबू करतात, होडी करतात, दवाखाना तर हमखास. कुणाकडे नवा फ्रीज आला की त्याचा खोका मागून घ्यायचा, पिना काढून टाकायच्या, तो खोका आठवड्यात फाटतो आणि त्या आठवड्यात तुमच्या बॉल पूलपेक्षा जास्त चालतो.

आवाजाचं मात्र कुणी सांगत नाही. टाइल्सची फरशी, गुळगुळीत प्लास्टर, दहा पोरं, दहा मिनिटांत मोठ्यांचं डोकं उठतं आणि मग "गप्प बसा"ची पाटी लागते. खाली जाड सतरंज्या, एका भिंतीवर टांगलेली गोधडी, खिडक्यांना जाड पडदे, एवढ्याने खूप फरक पडतो आणि खर्चही फार नाही. सामान चाकं लावलेल्या बुटक्या रॅकमध्ये ठेवा, मीटिंगला रॅक भिंतीकडे तोंड करून ढकलायचे, झालं. पुस्तकं कण्याकडून उभी रचू नका, मुखपृष्ठ समोर येईल अशी लावा, ज्याला वाचता येत नाही तो चित्र बघूनच पुस्तक उचलतो ना!

प्रश्न : मी ग्रामपंचायत सदस्य आहे. आमच्याकडे अंगणवाडी समाजमंदिरात भरते. लग्नसराईत हॉल जातो, दोन-दोन दिवस मुलांना सुट्टी. दुसरं, शेजारच्या गावात शाळेत 'बाला'ची कामं केलीत, दाराखाली कोन काढलेत, ते आम्ही पण करावं का?

उत्तर : 'बाला' म्हणजे इमारतच शिकवायचं साधन, कल्पना उत्तम आहे. पण दाराखालचा कोनमापक पाचवी-सहावीच्या पोरांना, तुमच्या तीन वर्षांच्या चिमुरड्याला ४५ अंश घेऊन काय करायचंय? कॅटलॉगमधलं सगळं उतरवून घ्यायची घाई करू नका. त्याच दाराखाली तीन रंगांचे पट्टे काढा, थोडं उघडलं, अर्धं उघडलं, पूर्ण उघडलं, त्यावर मुलं आपणहून दार ढकलून खेळतात (बिजागरीच्या फटीत बोट जाणार नाही एवढं बघा, रबराची पट्टी मिळते). खिडकीच्या जाळीला बोट फिरवता येईल अशी वळणं करून घ्या, लिहायच्या आधी हात वळायला बरी.

लग्नाचं म्हणाल तर हॉल मिळणार नाही हे धरूनच चाला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे कोसबाडच्या टेकडीवर. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात तेव्हा बालवाडीच पाड्यावर नेली, कुणाच्या तरी अंगणात, त्यातूनच ही अंगणवाडी आली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी तर कुरणशाळा, जिथे गुरं तिथे शाळा. साहित्य काय, तर गारगोट्या, बिया, शिंपले, पानं. आपण त्याच नावाची पाटी लावून पोरांना बंद हॉलमध्ये कोंबतो, हे जरा गंमतीशीरच आहे.

तेव्हा समाजमंदिराच्या बाजूला सावली बघा. झाड असेल तर त्याच्याभोवती मातीचा बसका पार, नसेल तर बांबूचा मांडव. सामान पत्र्याच्या दोन पेट्यांत, दोन माणसांना उचलता येतील एवढ्याच. एकीत ठोकळे, चिंचोके, करवंट्या, दुसरीत पुस्तकं आणि खडू. लग्न असलं की पेट्या मांडवात, लग्न संपलं की परत आत. पण स्वयंपाकाच्या चुली मांडवापासून लांब लावायच्या आणि लाउडस्पीकर दुपारी एकपर्यंत बंद, हे हॉल बुक करतानाच पावतीवर लिहून घ्या, तोंडी सांगितलेलं आपल्याकडे कोण ऐकतं? बारीक चिंचोके-गारगोट्या तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती नकोत, तोंडात घालतात.

पैशांचं रडगाणं असेल तर एक सांगते. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा इटलीतल्या रेज्जो एमिलियाजवळच्या व्हिला चेला या खेड्यातल्या लोकांनी जर्मन फौज मागे टाकून गेलेला एक रणगाडा, काही ट्रक आणि घोडे विकून आलेल्या पैशात बालवाडी बांधायला घेतली. तुमच्या पंचायतीकडे रणगाडा नसेल, पण भंगारात काढायचं काहीतरी असेलच की.

प्रश्न : वाचनालयाच्या गच्चीवर मुलांसाठी हिरवं प्लास्टिकचं गवत टाकावं म्हणतोय. टाकू ना?

उत्तर : नको. उन्हात ते असं तापतं की अनवाणी पाय ठेववत नाही. गच्चीचा कठडा किती उंच आहे ते आधी मोजा, मोठ्या माणसाच्या छातीएवढा नसेल तर तिथे मुलं नकोतच. तळमजल्यावर चार बाय सहा फुटांचा वाळूचा हौद करा, वाळू जरा ओलसर ठेवा म्हणजे किल्ले टिकतात, आणि रात्री झाकण न विसरता लावा, नाहीतर सगळ्या गल्लीतल्या मांजरांची सोय होईल.